अंगावरच्या बाळाला वरचं खाणं कधी: चौथा महिना, सहा पूर्ण की दात आल्यावर?

लेकरू साडेतीन महिन्यांचं झालं, पेंटा लसीचा (पाच रोगांवरची एकत्र लस) तिसरा डोस पार पडला, की घरात पंचायत बसते. आजी म्हणते, "चौथा लागला नं वं आता, वरनाचं पानी चाटव थोडसं. आम्ही नाही का वाढवले लेकरं?" आशाताई बजावून गेलेली असते, सहा महिने पाण्याचा थेंबही नको. शेजारच्या काकूचं तिसरंच असतं: दात आले म्हणजे द्यायचं, तोवर पचते कुठं लेकराले. या तिघींपैकी एकही बाळाचं वाईट चिंतत नाही, म्हणून तर पहिलटकरणीची पंचाईत होते.

माझं मत आधीच सांगून टाकते. सहा महिने पूर्ण झाले की त्याच आठवड्यात सुरू करा, आणि घट्ट सुरू करा. पण बाकीच्या दोन वाटा खुळेपणाच्या नाहीत. त्यांच्यामागे कारणं आहेत, आणि ती ठाऊक नसली तर सासूशी नुसतं भांडण होतं.

चौथ्या महिन्यात

आजीला मागासलेली म्हणण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. २००१ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनासुद्धा चार ते सहा महिने असंच सांगत होती. बाळाच्या दूध-पावडरीवर आणि डबाबंद आहारावर नियंत्रण ठेवणारा आपला १९९२ चा कायदा चार महिन्यांनंतरचा आहार धरून लिहिला होता. २००३ च्या दुरुस्तीत तिथं सहा महिने आले. म्हणजे आजी सांगते ते तिच्या काळच्या डॉक्टरांनीच सांगितलेलं होतं. युरोपातले बालरोगतज्ज्ञ आजही म्हणतात, १७ आठवड्यांच्या आधी नको आणि २६ च्या पुढे ढकलू नका. त्यामुळे चार महिन्यांनंतर चमचाभर पोटात गेलं म्हणून आकाश कोसळत नाही.

तरीही आपल्या विदर्भातल्या गावात मी चौथ्या महिन्याच्या बाजूनं नाही. पहिलं कारण पाणी. नळ दोन-तीन दिवसांआड येतो, पाणी ड्रमात साठतं, त्याच ड्रमात सगळ्यांचे ग्लास बुडतात. दुपारी केलेलं वरण संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं तरी उन्हाळ्यात आंबतं. चार महिन्यांच्या बाळाला हगवण लागणं आणि दहा महिन्यांच्या बाळाला लागणं यात फार फरक आहे. दुसरं कारण पोटातली जागा. बाळ वरणाचं पाणी जेवढं पितं तेवढं मायचं दूध कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूध कमी येतं. मग "हिला दूधच पुरत नाही" हा शिक्का बसतो, गाईचं दूध आणि बाटली घरात येते. सुरुवात मात्र एका निरुपद्रवी वाटीनं झालेली असते.

घाई करायला लावणारी लक्षणंही बहुधा फसवी असतात. मूठ तोंडात घालणं, लाळ गळणं, रात्री पुन्हा उठायला लागणं हे सगळं त्या वयात होतंच. दुधाची ओढ वाढली असेल तर दोन-चार दिवस जास्त वेळा पाजा, दूध आपसूक वाढतं.

चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा "लेकराचा घसा सुकला" म्हणून चमच्यानं पाणी पाजायची घाई होते. मायच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. तहान लागली तर बाळ वारंवार पितं, तेवढं पुरतं. दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय ना, एवढं बघा. घसा खरा सुकलेला असतो तो मायचा, तांब्या तिच्याजवळ ठेवा.

एक अडचण मात्र खरी आहे, मजुरीची. नोकरदार बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बाईला ती कोण देणार? अशा घरात "सहा महिने फक्त अंगावर" हे सांगणं सोपं आहे आणि पाळणं कठीण. बाळ सोबत नेऊन धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधणं जमत असेल तर सगळ्यात बरं. नाही तर सकाळी निघण्याआधी दूध हातानं काढून, उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवायचं आणि आजीनं वाटी-चमच्यानं पाजायचं, बाटलीनं नाही. कापूस वेचणीच्या थंडीत घरातल्या गार कोपऱ्यात ते चार तास राहतं. चैत्र-वैशाखात या भरवशावर राहू नका. हेही जमलं नाही आणि पाच महिन्यांनंतर काही द्यावंच लागलं, तर ते ताजं आणि घट्ट असू द्या. गाईचं पातळ केलेलं दूध हा त्यातला सगळ्यात वाईट पर्याय.

सहा पूर्ण झाल्यावर

हा आकडा कुठून आला? पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना मायकडून लोहाची शिदोरी घेऊन येतं. ती साधारण सहा महिने पुरते. मायच्या दुधात लोह थोडंच असतं, आणि मायनं कितीही पालक खाल्ला तरी ते वाढत नाही. ऊर्जेचंही तसंच आहे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय रोज साधारण २०० कॅलरी बाहेरून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५० च्या आसपास. दूध सोडायचं नाहीच. वर्षापर्यंत निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा दुधातूनच येते, आणि ते दोन वर्षं किंवा त्यापुढेही पाजायचं.

बाळाकडे बघूनही कळतं. आधार देऊन बसवलं तर मान डुगडुगत नाही. भाकरीचा तुकडा तोंडाकडे नेताना डोळे त्याच्या मागे जातात, हात पुढे येतो. आणि चमचा ओठाला लावला की जीभ तो बाहेर ढकलत नाही. जीभ ढकलतच असेल तर चार दिवस थांबून पुन्हा लावा. एकदा थुंकलं म्हणजे आवडलं नाही असं नसतं. आठ-दहा वेळा समोर आल्यावर मग काही चवी पटतात.

मोजणीत मात्र गल्लत होते, आणि उष्टावणामुळे ती पक्की होते. रीत अशी की मुलाचं उष्टावण सम महिन्यात, सहाव्या किंवा आठव्या, आणि मुलीचं विषम महिन्यात, पाचव्या किंवा सातव्या. आता सहावा लागला तेव्हा बाळ पाचच महिन्यांचं असतं. मुलीचा सातवा लागतो तेव्हा सहा पूर्ण होतात, म्हणजे मुलीच्या बाबतीत सातव्याची रीत अगदी नेमकी बसते. मुलाच्या बाबतीत सहावा लवकर आणि आठवा उशिरा. यावर तोडगा सोपा आहे. मामा येईल तेव्हा खिरीचं बोट लागू द्या, फोटो काढा, पण रोजचं खाणं मुहूर्तावर अडकवू नका. जन्मतारीख धरून १८० दिवस मोजा आणि कॅलेंडरवर खूण करा.

दात आल्यावर, म्हणजे बहुधा आठ-नऊ महिन्यांनी

हीच वाट मला सगळ्यात महाग पडणारी वाटते, कारण तिचं नुकसान दिसत नाही. लवकर दिलं तर हगवण लागते, लगेच बोभाटा होतो. उशीर केला तर बाळ हसतं, खेळतं, गाल गुबगुबीत असतात, फक्त अंगणवाडीच्या तक्त्यावर वजनाची रेघ आडवी होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी जेमतेम ४६ टक्क्यांना दुधासोबत घन किंवा अर्धघन अन्न मिळत होतं. निम्म्याहून जास्त लेकरं नुसत्या दुधावर किंवा पाण्यासारख्या पातळावर होती.

दातांचा या सगळ्याशी फारसा संबंध नाही. कुणाला पाचव्या महिन्यात दात दिसतो, कुणाला वर्षानंतर. मऊ भात हिरड्यांनी छान कुस्करला जातो. उलट नऊ-दहा महिन्यांपर्यंत तोंडात जरा दाणेदार काही गेलं नाही, तर पुढे घास तोंडातच धरून बसायची खोड लागते.

आणखी एक अडचण आपल्या व्यवस्थेची. १४ आठवड्यांच्या डोसानंतर पुढची लस थेट नऊ महिन्यांनी, गोवर-रुबेलाची. ज्या महिन्यात अन्न सुरू व्हायला हवं त्याच महिन्यात बाईला उपकेंद्रात जायचं कारणच नसतं. आशाताईची सहाव्या महिन्याची घरभेट नेमकी यासाठीच आहे. ती आली नाही तर तुम्ही तिला गाठा.

डाळीचं पाणी की घट्ट वरण?

कधी द्यायचं यावर घरात महिनाभर वाद होतो, काय द्यायचं यावर मिनिटभरही नाही. वरणाची निवळी वाटीत घेतात, कारण ती "हलकी" असते. हलकी असते हे खरंच, कारण तिच्यात काही नसतं. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिली मावतं. तेवढी जागा निवळीनं भरली की बाळ पोट टम्म घेऊन उपाशी राहतं.

परीक्षा सोपी आहे. चमचा भरून तिरपा करा. सर्रकन ओघळलं तर ते पाणी, चमच्याला धरून हळूहळू सरकलं तर ते अन्न. तळाची डाळ घ्या, तीत मऊ भात कुस्करा, वरून अर्धा चमचा तूप किंवा तेल. मीठ-साखर वर्षभर नको, आणि मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको, त्यातून होणारी विषबाधा जिवावर बेतू शकते. जन्मघुटीतल्या मधालाही हेच लागू आहे.

मराठीत बाळाच्या खाण्यावर काहीही वाचा, नाचणी सत्त्व आलंच. आपल्याकडे नाचणी दुकानातून आणावी लागते, ज्वारी घरात पोत्यानं असते. ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या, मुगाची डाळ, कुस्करलेला शेवगा किंवा लाल भोपळा एवढ्यावर छान भागतं. ज्वारी किंवा मूग भिजवून, मोड आणून, वाळवून, हलकं भाजून दळून ठेवा. शिजलेल्या गरम घट्ट खिरीत हे पीठ चमचाभर घालून ढवळून पुन्हा एक उकळी काढली की खीर पाणी न घालताच सैल होते, आणि कस कमी होत नाही. भंडारा-गोंदियाकडे एवढं पाळा की लाखोळीची (खेसारीची) डाळ बाळाच्या वाटीत नको.

अंडं सहा महिन्यांनंतर, नीट शिजवून, चालतं. पिवळं आधी, पांढरं वर्षानंतर हा नियम आता कुणी धरत नाही. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून सात महिन्यांपासूनच्या लेकरांना अंडी किंवा केळी मिळतात, ती घ्या. शेंगदाण्याचं बारीक कूट खिरीत चालतं, अख्खा दाणा, फुटाणा किंवा चणा घशात अडकतो.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दोन-तीनदा. नवव्यापासून तीन-चारदा, मध्ये केळं किंवा असं काही. वाटी २५० मिलीची धरली आहे.

बाजारातला डबा? त्यात लोह घातलेलं असतं, ही त्याची खरी जमेची बाजू. पण बऱ्याच डब्यांत साखर असते, आणि त्या पैशात मूगडाळ, अंडी आणि केळी किती येतात ते गुजरीत विचारून बघा. प्रवासाला ठेवा हवा तर. अंगणवाडीचं घरपोच पाकीट सहा महिन्यांपासून मिळतं. घराघरांत ते मोठी भावंडं संपवतात किंवा ढोरांच्या आंबोणात जातं. चव नाही आवडली तर घरच्या खिरीत मिसळा, पण नाव बाळाचं आहे तर पोटातही बाळाच्याच जाऊ द्या.

ज्यांचं गणित वेगळं आहे

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचे सहा महिने नुसत्या जन्मतारखेवरून धरू नका. किती आठवडे आधी आलं ते डॉक्टरांना सांगून ठरवा. अशा बाळाला लोहाचे थेंब मात्र बरेच आधी लागतात. सहा महिन्यांनंतर सगळ्याच बाळांसाठी उपकेंद्रातून आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध असतं. पण विदर्भात सिकलसेल (माय-बापाकडून येणारा रक्ताचा आजार) बऱ्याच घरांत आहे. माय-बापापैकी कुणी वाहक असेल तर बाळाची तपासणी करून घ्या, आणि बाळालाच आजार निघाला तर लोहाचं औषध विचारल्याशिवाय देऊ नका.

चौथ्या-पाचव्या महिन्यातच वजन अडलं असेल, तर उत्तर वरणात शोधू नका. आधी एखाद्या जाणत्या नर्सबाईसमोर बाळ पाजून दाखवा. नुसतं स्तनाग्र तोंडात धरत असेल तर तासभर ओढूनही पोट भरत नाही, आणि हे एका बैठकीत सुधारता येतं.

आणि ज्यांच्या घरी चौथ्यातच वरणाचं पाणी सुरू झालंय, त्यांनी घाबरायचं कारण नाही. पाणी आणि वरचं दूध बंद करा, अंगावर पाजायच्या वेळा वाढवा, रात्रीची एक तर नक्कीच. दूध आठवड्याभरात परत वाढायला लागतं. सहा पूर्ण झाले की पुन्हा सुरू करा, आणि या वेळी वाटीत तळाची डाळ असू द्या.