सेकंडहँड क्रॉसओव्हर वॅगन : 9 महिने, 14,000 किमी नंतर

घेतली तेव्हा ओडोमीटरवर 92,000 होते, आता 1,06,000 झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मला आलेले बरेचसे प्रॉब्लेम कंपनीचे नाहीतच, आधीच्या मालकाच्या आळसाचे आहेत. 2.5 लिटर पेट्रोल, सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), चारही चाकांना पॉवर. दिसायला वॅगनसारखी लांबडी पण खालून एसयूव्हीसारखी उचललेली, ग्राउंड क्लिअरन्स 200 मिमीच्या वर.

मला एसयूव्ही नकोच होती. डिकी मोठी हवी पण सामान छातीपर्यंत उचलून ठेवायला लागू नये, एवढी साधी अपेक्षा. त्या बाबतीत पैकीच्या पैकी मार्क. मागच्या सीट पाडल्या की सपाट जागा होते, मी आत आडवा झोपून बघितलंय, पाय थोडे दुमडायला लागतात बस्स. मागच्या आठवड्यात दोन दारांचं कपाट न खोलता आणलं. छपरावर सामान बांधायलाही स्टूल लागत नाही.

आता सीव्हीटीबद्दल, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. शांतपणे चालवली तर लोण्यासारखी आहे, गिअर पडल्याचं कळतच नाही. पण ओव्हरटेकला पाय दाबला की आधी इंजिन ओरडतं आणि मग गाडी सावकाश त्याच्या मागे येते. सवय होते, आवडत मात्र नाही. मॅन्युअलमध्ये तिचं ऑइल बदलायचा ठराविक आकडाच दिलेला नाही, म्हणून आधीच्या मालकाने हात लावला नसावा. मी 1 लाख झाल्यावर बदलून घेतलं, साधं ऑटोमॅटिकचं ऑइल नाही हं, सीव्हीटीचंच, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं. जुनं ऑइल चहाच्या रंगाचं निघालं. सिग्नलवरून निघताना जो हलका थरथराट यायचा तो बराच कमी झाला, पूर्ण गेला असं म्हणणार नाही.

ॲव्हरेज शहरात साडेआठ, हायवेला साडेबारा, तेही पाय आवरून. पुढे.

खरी गंमत पाण्याची. तिसऱ्या महिन्यात गाडीत कुबट वास यायला लागला आणि सकाळी काचा आतून धुरकट असायच्या. बायको म्हणाली, "तू ओला टॉवेल विसरलायस कुठेतरी." टॉवेल नव्हता. उजव्या बाजूची पुढची मॅट उचलून कार्पेट दाबलं तर बोटांच्या मधून पाणी वर आलं! गॅरेजवाला म्हणाला हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) गेला असणार, अख्खा डॅशबोर्ड उतरवायला लागेल. माझ्या पोटात गोळाच आला. पण हीटर कोअर फुटला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) यायला पाहिजे, त्याला गोडसर वास असतो, हाताला चिकट लागतो आणि टाकीतली लेव्हलही उतरते. हे तर साधं पाणी होतं, आणि लेव्हल जागच्या जागी. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी बघितली, तीही साफ.

मग सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यात जे बारीक भोक असतं त्यात अर्धा कप पाणी ओतलं. डाव्या बाजूचं खाली चाकाजवळून लगेच टपटपलं, उजव्या बाजूचं तसंच डबक्यासारखं उभं. सनरूफ कधीच शंभर टक्के वॉटरप्रूफ नसतं, पाणी आत येतं आणि चार कोपऱ्यांच्या नळ्यांतून खाली जातं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. नळी चोंदली की तेच पाणी खांबाच्या आतून कार्पेटखाली. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हळूहळू सरकवली, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, नळी आतल्या आत सुटू शकते. आणि बदकन काळा चिखल बाहेर पडला, पानांचा पार भुगा झालेला.

पण काम तिथे संपलं नाही, कारण कार्पेटखाली जाड फोम असतो आणि तो स्पंजासारखा पाणी धरून बसतो, वरून कितीही पुसा. बॅटरी काढून (सीटखाली एअरबॅगचे कनेक्टर असतात) थोडा वेळ थांबलो, मग सीट खोलली, कार्पेट वर करून खाली लाकडाचे ठोकळे लावले आणि पंखा चालू ठेवला, वाळायला पाच दिवस. खाली एक प्लास्टिकचा जिराफ सापडला, आधीच्या कुटुंबातल्या कुठल्यातरी पोराचा. तो आता डॅशबोर्डवर असतो.

टायरचं मात्र चुकलंच माझं. घेताना चारही टायर चकाचक दिसले म्हणून खूश. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचलेच नाहीत, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढचे दोन आणि मागचे दोन यांच्यात चार वर्षांचा फरक निघाला, खाचाही कमीजास्त. चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीत हे चालत नाही, झिजलेलं चाक लहान असल्यामुळे जास्त फेरे घेतं आणि पुढच्या-मागच्या चाकांना पॉवर वाटणारा मधला क्लच विनाकारण घासत राहतो. चारही बदलले. त्यात 80 च्या पुढे येणारी घरघर जाईल असं वाटलेलं, गेली नाही. रस्ता बदलला तरी आवाज तोच, पण गाडी डावीकडे वळवली की वाढायचा, म्हणजे उजव्या बाजूचं व्हील बेअरिंग. वळताना वजन बाहेरच्या बाजूला जातं ना. ते बदललं आणि पहिल्यांदा गाडीतला म्युझिक सिस्टिम बरा आहे हे कळलं.

सध्या उरलंय ते डिकीचं दार. गॅसचे दांडे दमलेत, थंडीत अर्ध्यातून खाली येतं, दोनदा डोक्यात बसलंय. नवे दांडे येऊन आठवडा झाला, खोक्यासकट डिकीतच पडलेत.