टाय जागेवर राहावा म्हणून: क्लिप, पिन, साखळी, की नुसता लूप?

"टाय नीट राहत नाही" ही एकच तक्रार दोन वेगळ्या दुखण्यांबद्दल असते, आणि खरेदीला जाण्याआधी आपले दुखणे कोणते हे पाहिले पाहिजे. पहिल्यात गाठ सैल पडते, हळूहळू खाली उतरते आणि कॉलरचे बटण दिसू लागते. दुसऱ्यात गाठ जागच्या जागी असते, पण छातीवरची पट्टी पंख्याखाली उडते, खाली वाकलो की टेबलावर लोळते, मागची अरुंद पट्टी बाजूने डोकावते. क्लिप, पिन, साखळी, चुंबक हे सगळे उपाय दुसऱ्या दुखण्यावरचे आहेत. गाठ उतरत असेल तर त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. उलट गाठ उतरल्याने मोकळा झालेला कपडा क्लिपच्या वर फुगून बसतो आणि जास्तच वाईट दिसतो.

म्हणून आधी गाठ.

गाठ उतरते ती कॉलरमुळे

बहुतेक वेळा दोष टायचा नसतो, शर्टाचा असतो. कॉलरचे बटण लावल्यावर आत एक बोट सहज फिरायला हवे. दोन बोटे फिरत असतील तर कॉलर मोठी आहे, आणि अशा कॉलरवर कोणतीही गाठ तासाभरात खाली येणारच. आपल्याकडे तयार शर्टांचे माप कॉलरच्या सेंटिमीटरमध्ये असते: 39, 40, मग बहुधा थेट 42. ज्यांचा गळा मधला आहे त्यांनी 42 घ्यावा आणि शिंप्याकडून कॉलरचे बटण 7-8 मिलिमीटर आत सरकवून घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे. एक सेंटिमीटरहून जास्त सरकवू नका. मग कॉलरची दोन टोके वरखाली दिसतात. वरचे बटण उघडे ठेवून गाठ नुसती वर ओढणे हा उपाय नव्हे, कारण मग गाठीला टेकायला काही उरतच नाही.

दुसरे कारण कपडा. चकचकीत सॅटिन विणीचा पॉलिएस्टर टाय निसरडा असतो, त्याला हाफ विंडसर ही गाठ बांधावी. साध्या गाठीपेक्षा एक वळसा जास्त बसतो आणि गाठ धरून राहते. उभ्या-आडव्या रेघा हाताला लागतील अशा खरबरीत विणीचे रेशीम, लोकर किंवा स्वेटरसारखा विणलेला टाय असेल तर फोर-इन-हँड ही सर्वांत साधी गाठ पुरते. अस्तराकडेही लक्ष द्या. टायचे अंग त्याच्या आतल्या लोकरी अस्तराने येते, आणि स्वस्त टायमध्ये तिथेच काटकसर केलेली असते. विंडसर गाठ ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते ड्यूक ऑफ विंडसर (ब्रिटनचे माजी राजे आठवे एडवर्ड) स्वतः जाड अस्तराचे टाय शिवून घेत आणि बांधत मात्र साधी फोर-इन-हँड. भरदार गाठ त्यांना वळशांनी नव्हे, अस्तरामुळे मिळत असे.

गाठ पक्की बसते ती शेवटच्या ओढीत. पुढची पट्टी गाठीतून खाली काढली की लगेच वर सरकवू नका. गाठीच्या अगदी खाली, पट्टीच्या मधोमध तर्जनी दाबा, अंगठा आणि मधल्या बोटाने दोन्ही कडा चिमटीत धरा आणि तसेच खाली ओढत गाठ आवळा. बोट काढल्यावर तिथे खळी राहते. ती शोभेची तर आहेच, पण कपडा दुमडून गाठीच्या तोंडात घट्ट बसल्यामुळे पुढची पट्टी घसरतही नाही. त्यानंतर एका हाताने मागची पट्टी ताणून धरायची आणि दुसऱ्या हाताने गाठ कॉलरला भिडवायची. गाठ आवळणे आणि वर नेणे ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही एका झटक्यात केली की गाठ वर जाते, पण आतून सैलच राहते.

लांबीही इथेच ठरते. टोक पट्ट्याच्या बकलाच्या मध्यावर यावे. बाजारातले टाय साधारण 145 ते 150 सेंटिमीटर लांब असतात. साडेपाच फुटांच्या माणसाने फोर-इन-हँड बांधली तर मागची पट्टी पुढचीच्या खाली लोंबू शकते. अशा वेळी दोन्ही बाजूंनी वळसा घेणारी, जास्त कपडा खाणारी पूर्ण विंडसर गाठ कामाला येते.

पट्टी सांभाळणारे उपाय, एकमेकांशेजारी

सर्वांत आधी टायच्या मागे शिवलेला लूप वापरा. मागची पट्टी त्यातून ओवली की ती डोकावणे थांबते. एवढेच तुमचे दुखणे असेल तर पैसे खर्च करू नका. लूपची मर्यादा अशी की तो मागची पट्टी पुढचीला बांधतो, शर्टाला नाही. टाय तसाच उडतो, फक्त दोन्ही पट्ट्या मिळून. काही टायमध्ये लूप इतका खाली असतो की मागची पट्टी पोचतच नाही. मग त्याच्या 8-10 सेंटिमीटर वर, टायच्या मागच्या शिवणीवर दोऱ्याचा आणखी एक लूप घाला. टाका फक्त मागच्या कपड्यातून घ्यायचा, पुढच्या बाजूला दिसता कामा नये.

त्याच लूपला शर्टाशी जोडणारी फीत हा आम्हाला सगळ्यांत जास्त पटणारा आणि सगळ्यांत कमी वापरला जाणारा उपाय आहे. दीड सेंटिमीटर रुंद, 10 सेंटिमीटर लांब जाड फीत घ्या, दोन्ही टोके दुमडून शिवा आणि प्रत्येक टोकाला फितीच्या लांबीच्या दिशेने एकेक काज करून घ्या. शर्टाचे बटण साधारण 11 मिलिमीटरचे असते, म्हणून काज 13 मिलिमीटरचे. फीत लूपमधून ओवायची आणि तिची दोन्ही काजे लूपच्या जवळच्या शर्टाच्या बटणावर, एकावर एक, अडकवायची. बाहेरून काहीच दिसत नाही, रेशमाला भोक पडत नाही, दात लागत नाहीत. टायला तीन-चार सेंटिमीटर हलायला वाव राहतो, त्यामुळे हात वर केला तरी गाठ ओढली जात नाही. उणीव एकच: लूप भक्कम हवा. नुसत्या लेबलाचा लूप करून दोन टाक्यांवर लावलेला असेल तर तो आधी पक्का शिवून घ्या.

आता क्लिप. तिचे दोन प्रकार आहेत आणि फरक मोठा आहे. सरकवायची क्लिप म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली धातूची पट्टी. तिला दात नसतात, म्हणून ती कपड्याला सुखरूप. पण तिची पकड कपड्याच्या जाडीवर अवलंबून असते. जाड टायवर ती छान बसते, पातळ पॉलिएस्टरवर दुपारपर्यंत घसरून तिरकी होते. वारंवार जाड कपड्यावर चढवली की तिचा ताण कमी होतो आणि मग ती पातळ टायवर अजिबात राहत नाही. चिमट्याची क्लिप स्प्रिंगवर चालते, आतून दातेरी असते आणि कोणत्याही जाडीला धरते. रोज टाय लावणाऱ्याने हीच घ्यावी. हिने नुकसान होते ते काढताना: अर्धवट उघडून खेचली की दात रेशमाचा धागा ओढून काढतात. पूर्ण उघडायची, मग बाजूला घ्यायची. विकत घेताना दातांवरून रुमाल फिरवून पाहा. धागा अडकला तर ती क्लिप नको.

माप: क्लिप टायच्या रुंदीच्या अर्ध्याहून मोठी आणि पाऊण भागाच्या आत. 8 सेंटिमीटरच्या टायला साडेपाच-सहा, 6 सेंटिमीटरच्या टायला चार-साडेचार. टायच्या कडेबाहेर आलेली क्लिप उसनी आणल्यासारखी वाटते. जागा: शर्टाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बटणांच्या मध्ये, आडवी, सरळ. फार खाली लावली की ती पोटावर तिरकी होते, फार वर लावली की खालचा सगळा टाय मोकळाच राहतो.

सगळ्यांत जास्त होणारी चूक ही की क्लिप फक्त टायच्या दोन पट्ट्यांना लावली जाते. तिच्यात तीन गोष्टी यायला हव्यात: पुढची पट्टी, मागची पट्टी आणि शर्टाची बटणपट्टी. बटणपट्टी सुटली तर लूप करतो त्याहून जास्त काम क्लिप करत नाही, वर धातूचे वजन घेऊन टाय झुलतो. लावून झाल्यावर क्लिपच्या वरचा टाय सेंटिमीटरभर वर ओढून किंचित उचललेला ठेवा. हा सैलपणा सोडला नाही तर हात वर करताच शर्ट टायला आणि टाय गाठीला खेचतो, आणि दिवसभरात गाठ उतरते. म्हणजे एका दुखण्यावरचा उपाय दुसरे दुखणे आणतो.

टोचायची पिन दिसायला सर्वांत नेटकी: टायच्या मधोमध एक ठिपका. दुकानात क्लिपलाही टायपिनच म्हणतात, तेव्हा मागताना टोचायची की चिमट्याची ते सांगा. पिन दोन्ही पट्ट्यांतून आरपार जाते, मागे तिला टोपण बसते, आणि टोपणाला जोडलेल्या बारीक साखळीच्या टोकाची आडवी काडी शर्टाच्या काजातून आत अडकवायची असते. शर्टाला भोक पाडायचे नसते. प्रश्न टायचा आहे. लोकरी किंवा विणलेल्या टायमध्ये पिन धाग्यांमधून वाट काढते आणि काढल्यावर जागा मिटते. गुळगुळीत रेशमावर, विशेषतः सॅटिनवर, भोक कायमचे दिसते. रोज नवी जागा टोचली तर टाय चाळण होतो. घामाने स्वस्त पिनेचा मुलामा उडून डाग पडतो तो वेगळाच. भाड्याच्या किंवा उसन्या टायला पिन लावूच नये.

साखळीत टाय बांधला जात नाही, साखळीच्या मागे झुलतो. साखळीच्या मागची धातूची पट्टी शर्टाच्या बटणावर अडकते आणि साखळी टायसमोरून आडवी जाते. लग्नात, तीन भागांचा सूट नसताना, शोभून दिसते. कामाच्या जागी ती फायलीच्या कडेला अडकते.

चुंबकी जोडीत एक तुकडा शर्टाच्या आत आणि एक टायच्या मागे राहतो. भोक नाही, खूण नाही. पण जाड अस्तर आणि दुहेरी बटणपट्टी यांच्या पलीकडे जोर कमी पडतो, आणि पेसमेकर किंवा तत्सम उपकरण शरीरात बसवलेल्यांनी हा उपाय पूर्ण टाळावा. अशा उपकरणापासून चुंबक निदान 15 सेंटिमीटर दूर असावा लागतो आणि टाय नेमका छातीवर असतो.

दुतर्फी चिकटपट्टी फोटोपुरती. घामाने सुटते आणि गोंद रेशमावर राहतो.

वेस्टकोट घालत असाल तर वरचे काहीच लागत नाही. वेस्टकोटखाली क्लिप लावणे व्यर्थ. खालचा उंचवटा तेवढा दिसतो.

कोणी काय निवडावे

बँक, हॉटेलचा फ्रंट ऑफिस, कॉलेजचे प्रेझेंटेशन: चिमट्याची क्लिप, साधी, मॅट चंदेरी. घड्याळ आणि बकल ज्या रंगाचे त्याच रंगाची घेतली की विचार संपतो. कंपनीने कोट सक्तीचा केला असेल आणि तो बंद असेल तर क्लिप जवळजवळ दिसतच नाही. तिथे फीत सरस.

मुलाखतीला जाणाऱ्याने क्लिप लावलीच पाहिजे असे नाही. बसल्यावर टाय मांडीवर गोळा होतो आणि उठताना वाकडा राहतो, एवढ्यासाठी फीत पुरेशी आहे. नवरदेवाने मात्र सॅटिनच्या टायला पिन न टोचता क्लिप घ्यावी. हार घालताना, वाकून पाया पडताना टाय ओढला जातो, म्हणून वर सांगितलेला सैलपणा इथे दीड सेंटिमीटर ठेवावा.

रुग्ण तपासणाऱ्यांसाठी क्लिप अपुरी, कारण तिच्या खालचा टाय वाकल्यावर तरीही रुग्णाला लागतो. ब्रिटनच्या आरोग्य विभागाने 2007 साली रुग्णसेवेत असताना टाय टाळावा अशीच सूचना काढली. टाय लावायचाच असेल तर शर्टाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बटणांमधून आत खोचावा, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांसारखा. सुरकुती पडते, पण लोंबत काही नाही.

लेथ, प्रिंटिंग मशीन, फिरता पट्टा यांच्याजवळ गाठ बांधलेला टाय नकोच, क्लिप असो वा नसो. सुरक्षारक्षकांनाही कॉलरला अडकवायचा, ओढल्यावर सुटून येणारा तयार टाय योग्य. शाळकरी मुलांच्या चेनच्या टायची गाठ उतरते ती चेनचे दाते झिजल्यामुळे. चेनच्या मागे, गाठीच्या खाली लहान टिचबटण लावून घेतले तर वर्षभर निघते.

दुचाकीवरून फिरणाऱ्या वैद्यकीय प्रतिनिधींना वाऱ्यात कोणतीच क्लिप पुरत नाही. तिच्याखालचा हातभर टाय खांद्यावर येतो आणि हेल्मेटच्या पट्ट्यात जातो. शर्टात खोचा, वरून जॅकेटची चेन लावा. त्याहून बरे म्हणजे टाय गुंडाळून खिशात ठेवायचा आणि दवाखान्याच्या दारात बांधायचा. गुंडाळी अरुंद टोकापासून सुरू न करता मधून दुमडून करा, म्हणजे गाठ येते त्या भागावर घडी पडत नाही.