पावतीवर लिहिलं होतं : रोपे, नग 1200

आमचं शिवार मोहोळ तालुक्यात, सीनेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या दोन्ही अंगांना. एरवी हा ओढा म्हणजे उन्हाळ्यात पोरांनी क्रिकेट खेळायची जागा. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला, त्यात नदीचं पाणी ओढ्यातून उलटं वर चढलं, शेतात थांबलं आणि उतरताना काठ घेऊन गेलं. माझ्या हद्दीत साठेक फूट काळी माती ढासळली. शेजारच्या तात्यांची मोटारीची पेटी, पाइप आणि बांधावरची जुनी बाभूळ, सगळंच गेलं. दगडी भिंत घालायचा खर्च विचारला, तो ऐकून ओढ्याकाठचे आम्ही सहाही खातेदार गप्प बसलो.

मी माध्यमिक शाळेत 31 वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच घडलं. काठ धरून ठेवायचा तर झाडं लावा, असं पारावर मीच म्हणालो. पाण्याला लागून वाळुंज, उतारावर निर्गुडी, वरच्या अंगाला करंज आणि अर्जुन. पाणी चढलं की निर्गुडी वाकते आणि पाणी उतरलं की पुन्हा उभी राहते. गुरं तिला तोंड लावत नाहीत. करंज पाण्यातही तग धरतो आणि आमच्या मे महिन्यातही. अर्जुन तर नदीनाल्याकाठचाच वृक्ष. त्याला लहान झाड कोणी म्हणणार नाही, म्हणून तो काठापासून मागे घ्यायचा. सध्या ओढ्यात जे हिरवं दिसतं, ते एक तर बेशरम, नाही तर वेडी बाभूळ, आमच्याकडची चिलार. दोन्ही बाहेरून आलेली. माझं बोलणं सगळ्यांना पटलं. गुरुजी बोलले म्हटल्यावर पटायचंच, ही गावची सवय.

हे बोलणं कोणाच्या तोंडून कुठे गेलं माहीत नाही, पण दिवाळीनंतर आठवड्याभरात एक तिशीतला माणूस मोटारसायकलवरून आला. बोलायला गोड. पूरग्रस्त गावांतून फिरतोय म्हणाला. त्याच्या मोबाइलमध्ये रोपवाटिकेचे फोटो होते, हिरवी जाळी, ओळीत पिशव्या, आणि एका परवान्याचा फोटो, शिक्क्यासकट. मी विचारलं, "तुमच्याकडं ओढ्याकाठची कुठली झाडं हायत?" त्याचं उत्तर मला आज शब्दन् शब्द आठवतं.

"गुरुजी, तुमीच सांगा की. जाणकार माणूस तुमी. तुमी नावं सांगायची, आमी रोपं आणायची."

मी नावं सांगितली, त्याने वहीत उतरवून घेतली. अर्जुन 400, करंज 400, निर्गुडी 200, वाळुंज 200. मी प्रत्येक झाडाबद्दल चार वाक्यं बोललो, तो मान डोलवत राहिला. आता कळतं, त्या दिवशी त्याने एकाही झाडाचं नाव स्वतःच्या तोंडाने घेतलं नव्हतं.

दर ठरला नगाला 45 रुपये, एकूण 54,000. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत पावसाळ्यात रोपं सवलतीत मिळतात हे मला माहीत होतं, पण तो म्हणाला की आत्ता जमिनीत ओल आहे, जूनपर्यंत थांबाल तर वळवात उरलेला काठही जाईल. बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर ते गळी उतरलं. वर 'शंभरातली ऐंशी जगायची हमी, मेलेली फुकट बदलून' हेही होतंच. निम्मे पैसे आधी. सहा घरांतून वर्गणी मी गोळा केली आणि 27,000 माझ्या फोनवरून पाठवले. पाठवताना पडद्यावर आलेलं नाव बाईचं होतं. "मंडळीचं खातं हाय," म्हणाला. मी दाबलं बटण.

परवान्याचं इथेच सांगतो. फळझाडांच्या रोपवाटिकांना आपल्या राज्यात 1969 च्या कायद्याने परवाना लागतो. डाळिंब, आंबा, पेरू विकणाऱ्याकडे तो असायला हवा. त्या कागदाचा करंज-अर्जुनाशी संबंध काय? काही नाही. फोटोतला परवाना खरा असेलही, कुणाचा तरी. तो कोणाच्या नावावर आहे, मुदत कधीपर्यंत आहे, हे मी बोटाने मोठं करून वाचलं नाही. शिक्का बघितला.

टेम्पो आला नोव्हेंबरच्या मध्यावर, तिन्हीसांजेला. दुपारी येणार होता, "वाटेत पंक्चर" झालं. ज्याला कुणाला रोपं विकत घ्यायची आहेत त्याने एवढं एक लक्षात ठेवावं, दिवस मावळताना आलेला टेम्पो उतरवून घेऊ नये. फाळका उघडला तर समोर निर्गुडी. अस्सल. पान चुरगळलं, तो उग्र वास ओळखीचा, पानाची खालची बाजू पांढुरकी. मी खूश. मागच्या रांगांतलं एक रोप मी मोबाइलच्या उजेडात धरलं. लांबट पानं, आणि पानाच्या बुडाशी देठावर दोन बारीक गाठी. वर्गात शिकवलेली खूण! मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हा बघा अर्जुन."

"वळखलंत की गुरुजी!" तो म्हणाला.

करंजाचंही तसंच. एका दांडीवर अनेक पर्णिका आणि टोकाला एक, म्हणजे करंज. मीच म्हणालो. वाळुंज म्हणून पिशव्यांत खोचलेल्या काड्या होत्या, पानं नव्हती. वाळुंज फांदीपासून लागतं हेही मला ठाऊक होतं, त्यामुळे शंका यायच्या ऐवजी मीच तात्यांना समजावून सांगितलं. उरलेले 27,000 रोख दिले. त्याने छापील पावतीपुस्तकातलं पान फाडून दिलं. त्यावर लिहिलं होतं : रोपे, नग 1200. खाली सही, ती वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नारळ फोडून लावणी केली. फोटो काढायला तो आवर्जून थांबला होता.

सगळ्यात आधी वाळुंज वाळलं. डिसेंबर सरता सरता मी एक काडी उपटली, ती हातात अशी आली जशी लोण्यातून सुरी. मूळ नावाला नाही. खालचा काप तिरका आणि काळा पडलेला. दोनशेच्या दोनशे तशाच. त्या कशाच्या काड्या होत्या हे आजही कळलेलं नाही. फोन केला तर म्हणाला, "थंडीनं झालं असंल गुरुजी, संक्रांतीनंतर बदलून देतो." संक्रांत झाली, गड्ड्याची यात्रा झाली, फोन बंद झाला.

करंजाचं बिंग आमच्या चुलत वहिनींनी फोडलं. वहिनी सत्तरीच्या, आयुष्यभर करंजाच्या काडीने दात घासलेल्या. जानेवारीत ज्वारीच्या राखणीला आल्या होत्या, सवयीने एक कोवळा शेंडा मोडला, चावला आणि थुंकल्या. मग पानं मोजायला लागल्या.

"भावजी, करंजाला पानं पाच न्हाईतर सात. लई झाली तर नऊ. हितं तेरा हायत, ह्याला पंधरा. ह्यो कसला करंज?"

ती गिरिपुष्पाची छाटं होती, ग्लिरिसिडिया, ज्याला काही जण उंदीरमारी म्हणतात. झाड वाईट नाही, हे न्यायाने सांगायला हवं. कोरडवाहू शेतीत बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते लावा म्हणून शेतीतले जाणकार सांगतात, आणि सोलापुरात तर कोरडवाहू शेतीचं संशोधन 1933 पासून चालू आहे. पण मूळचं ते मध्य अमेरिकेकडचं, आणि ज्याच्या बांधावर असेल तो फांद्या फुकट देतो. आम्ही त्याला 45 रुपये नग मोजले. करंजाचं पान जाड, चकचकीत, पर्णिका रुंद. हे मी फळ्यावर काढून दाखवलं आहे, कितीतरी वेळा.

आणि अर्जुन? अर्जुन झकास वाढत होता. खरं तर तीच एक गोष्ट जिवाला बरी वाटत होती. फेब्रुवारीत सोलापूरच्या पूर्व भागातले माझे एक जुने स्नेही हुरड्याला आले. त्यांचे सोयरे हैदराबादला, त्यांचं तिकडं जाणं-येणं नेहमीचं. रोपांच्या ओळीकडे बघून ते म्हणाले, "सर, हे तुम्ही इथं कशाला लावलंय? आमच्या पाहुण्यांच्या दारात रस्त्याच्या मधोमध हेच हाय. कोनोकार्पस."

मी हसलो. मग घरी येऊन पुस्तक काढलं आणि हसू गेलं. कोनोकार्पस आणि अर्जुन एकाच कुळातले, कॉम्ब्रेटेसी. माझी ती दोन गाठींची खूण कोनोकार्पसलाही लागू पडते. फरक बघायचा तो पानांच्या मांडणीत. अर्जुनाची पानं समोरासमोर, किंवा जवळजवळ समोरासमोर येतात. कोनोकार्पसची एकाआड एक. उजेडात, रोप हातात घेऊन, अर्ध्या मिनिटाचं काम. मी एक खूण जुळली की थांबलो. परीक्षेत पोरांना याच चुकीसाठी अर्धा गुण कापायचो.

कोनोकार्पस भराभर वाढतो, बारमाही हिरवा राहतो, म्हणून शहरांनी तो दुभाजकांत आणि कुंपणाला लावला. तेलंगणात रस्त्याकडेला भरमसाट लावला आणि नंतर लावू नका म्हणायची वेळ आली. गुजरातने तर 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. मुळं पाइपात आणि गटारात शिरतात, परागकणांनी त्रास होतो, अशा तक्रारी होत्या. आमच्या ओढ्याकाठी तर प्रत्येकाच्या विहिरीची पाइपलाइन आहे. मेला असता तर परवडलं असतं, असं वाटायला लावणारं हे एकच झाड मी पाहिलं. चारशेतली साडेतीनशेच्या वर जगली होती. हमीपेक्षा जास्त.

तक्रारीचं थोडक्यात. पोलिस ठाण्यात गेलो, तिथे पहिला प्रश्न आला, "पावतीवर झाडाचं नाव कुठाय?" नाव नव्हतंच. त्याने बाराशे रोपं कबूल केली होती, बाराशे दिली होती. अर्जुन, करंज, वाळुंज हे शब्द फक्त माझे होते, माझ्याच तोंडचे. फोनवरून गेलेल्या पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावला, पण तो नंबर पैसे गेल्या-गेल्या, पहिल्या काही तासांत लावायचा असतो. मी तीन महिन्यांनी लावला. ग्राहकांसाठी 1915 हा मदत क्रमांक आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी पडत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करता येते. तोही अर्ज तयार करतोय. अडचण एकच, समोरच्याचं नाव आणि पत्ता लिहायच्या रकान्यात काय लिहू? बँक खातं 'मंडळीचं' आहे, तेवढाच धागा.

पैसे देण्याआधी कागदावर झाडाचं नाव, गावातलं आणि शास्त्रीय दोन्ही, नग आणि रोपाचं वय लिहून घ्या. विकणाऱ्यालाच नाव सांगू द्या, तुम्ही तोंड उघडू नका. टेम्पोतल्या अगदी आतल्या रांगेतली दोन-चार रोपं दिवसाउजेडी पिशवी फाडून बघा. पांढरी बारीक मुळं मातीला धरून असतील तर रोप, नुसती काडी निघाली तर काडी. मुळं पिशवीच्या तळाशी गुंडाळी करून बसली असतील तरी घेऊ नका, असं झाड पुढे काठ धरत नाही. जमलं तर आधी रोपवाटिकेत जाऊन या. मला जायचं होतं, पण त्याने सांगितलेलं गाव दर वेळी वेगळं होतं, हेही मला मागाहून आठवलं.

सहा घरांचे पैसे मी परत करतोय. तात्या घेत नाहीत, मग त्यांच्या नातवाच्या हातावर ठेवतो. बाकीचे घेतात आणि काही बोलत नाहीत. कोनोकार्पस आम्ही मार्चात मुळासकट काढला, दोन दिवस लागले. निर्गुडीची दोनशेतली दीडशे झाडं उभी आहेत, तेवढं एक खरं निघालं. तिलाच यंदा पाऊस पडला की छाटून पुढे लावणार आहोत. कारण निर्गुडी छाटावरही येते, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दीड कोसावर वरच्या अंगाला ओढ्यात तिचं बन आहे. देवळामागे करंजाची दोन झाडं आहेत, त्यांच्या शेंगा वहिनींनी पोरांकडून गोळा करून घेतल्या. एका शेंगेत बहुधा एकच बी. ते फार काळ न ठेवता पेरलं की कसली प्रक्रिया लागत नाही. गोणीभर शेंगा पडवीत आहेत. खर्च पोरांना दिलेल्या गोळ्यांचा.

परवा माढ्याकडच्या एका माजी विद्यार्थ्याने मला मोबाइलवर एक जाहिरात पाठवली. 'पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी देशी झाडे, जगण्याची हमी, अनुदानाची सोय.' फोन नंबर नवीन. खाली फोटो, ओढ्याचा काठ, फुटलेला नारळ, हसणारी माणसं. त्याने विचारलं होतं, "सर, हे तुमच्या ओळखीचे आहेत का? घेऊ का ह्यांच्याकडून?"

फोटोत उजवीकडून दुसरा, पांढऱ्या टोपीतला, हातात रोप उंच धरून उभा असलेला माणूस मी आहे. रोप कोनोकार्पसचं आहे.