फ्यूजनवर पॅटर्नचं काम: कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या छोट्या शॉपला घ्यावं का?

ऑटोडेस्कचं फ्यूजन (आधी फ्यूजन ३६० म्हणायचे, २०२४ ला नावातलं ३६० गेलं) हे डिझाइन आणि मशीनचा प्रोग्राम दोन्ही करायचं सॉफ्टवेअर. आमच्याकडं पॅटर्न (ओतकामाचा साचा पाडायला लागणारा नमुना), कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा करायचा साचा) आणि व्हीएमसीवरच्या (प्रोग्रामवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवरच्या) किरकोळ जॉबला वापरतोय. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांची कामं करणारे बरेच जण विचारतात घेऊ का म्हणून, त्यासाठी लिहितोय.

एका वाक्यात सांगायचं तर मॉडेल आणि टूलपाथ (टूलनं कापत जायचा मार्ग) एकाच फाईलीत राहतात, पैसे द्यायचे ते यासाठीच. आपल्याकडं पार्टी (गिऱ्हाईक) पॅटर्न अर्धा झाल्यावर फोन करणार, "बॉस जरा ३ एमएम वाढवा की", हे ठरलेलंच. इथं मॉडेलमध्ये माप बदललं की टूलपाथ जुना झाल्याची खूण येते, परत जनरेट मारायचं आणि नवा जी-कोड (मशीनला कळणारा प्रोग्राम) काढायचा, कॅड (डिझाइन) एकाकडं आणि कॅम (मशीनचा प्रोग्राम करणं) दुसऱ्याकडं असली की जी फाईलींची पळापळ होते ती वाचते. श्रिंकेजचं (ओतलेला धातू थंड होताना आकसतो त्याचं) पण तसंच, ग्रे आयर्नला (बिडाला) साधारण १ टक्का धरतो आपण, ते टाइमलाइनच्या (मॉडेल कसं केलं त्या पायऱ्यांच्या पट्टीच्या) शेवटी स्केल १.०१ टाकून ठेवायचं, ३०० चं माप आपोआप ३०३ होतं आणि पार्टीचं मूळ माप मागं तसंच राहतं. पण लाकडी मास्टरवरनं ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतून घेणार असाल तर ॲल्युमिनियमचं श्रिंकेज वेगळं वाढवायला लागतंय, ते सॉफ्टवेअर सांगणार नाही राव.

आता गोम कुठं आहे ते बघा. पार्टी मूळ फाईल देतच नाही, स्टेप फाईल (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारी फाईल) देते, आणि स्टेपमध्ये नुसता आकार येतो, तो कसा काढला त्याची हिस्ट्री येत नाही. म्हणजे रिव्हिजन आली की नवी स्टेप घ्या, टूलपाथसाठी फेस (मॉडेलचे पृष्ठभाग) परत सिलेक्ट करत बसा. छोटा बदल असला तर फेस ओढून भागतं. आणि बोअर (भोक) मॉडेलमध्ये ४० एमएम दिसतो, तो एच७ आहे म्हणजे मापात शून्य ते अधिक २५ मायक्रॉन एवढीच सूट, हे पीडीएफ ड्रॉइंग बघितल्याशिवाय कळत नाही, त्यामुळं ड्रॉइंग मागून घ्याच, पार्टी कितीबी म्हणू दे "मॉडेलमध्ये सगळं आहे".

पोस्ट प्रोसेसर (टूलपाथचा आपल्या मशीनच्या कंट्रोलरला चालेल असा जी-कोड करणारी फाईल) फुकट मिळतात, फानुक, सीमेन्स या कंट्रोलरचे सगळे आहेत, पण जुन्या कंट्रोलरला चालत नाहीत अशा ओळी येऊ शकतात, पोस्ट एडिट करता येतो, जमत नसेल तर कुणा जाणकाराकडनं एकदा करून घ्या. पहिला प्रोग्राम झेड (उंचीचं माप) वर घेऊन टूल हवेत फिरवायचं, मग जॉबवर.

फुकटच्या व्हर्जनवर धंदा करायचा विचार असेल तर सोडा, ते घरगुती वापरालाच आहे, एडिट होणाऱ्या फाईली १० च ठेवता येतात आणि रॅपिड (कापत नसताना टूल जोरात सरकणं) बंद असतं, टूल हवेत पण कटिंग फीडनंच (कापायच्या कमी वेगानंच) फिरतं, मोठ्या पॅटर्नवर नुसता वेळ जातो. पैसे नसतील तर फ्रीकॅड हे दुसरं सॉफ्टवेअर बघा, १.० नोव्हेंबर २०२४ ला आलं, खरंच फुकट आहे आणि कॅम पण आहे, पण शिकायला डोकं तापतंय.

रोज रिव्हिजन येणारी पॅटर्नची कामं असतील तर वर्षाचं लायसन घ्या, पाचात चार स्टार. वर्षानुवर्षं त्याच फ्लँजा मारत असाल तर कंट्रोलरवर हातानं प्रोग्राम टाकणारा ऑपरेटर बरा.