सॅमसंग ८७० इव्हो १ टीबी: जुन्या डेस्कटॉपला जागा वाढवायची असेल तर हीच घ्या

सरळ सांगतो, घरचा डेस्कटॉप जुना आहे, सी ड्राईव्ह लाल झालाय आणि मदरबोर्डवर एम डॉट टू (पट्टीसारखी छोटी एसएसडी थेट बसवायचा) स्लॉट नाही असं ज्यांचं ज्यांचं आहे त्यांनी जागा नाही म्हणून अख्खा कॉम्प्युटर बदलू नका. एक चांगली सॅटा एसएसडी टाका, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच सॅटा केबलनं जोडायची पण आत फिरणारी तबकडी नसलेली ड्राईव्ह. मी सॅमसंगची ८७० इव्हो १ टीबी टाकून घेतलीय, काही महिने रोज वापरतोय आणि मन भरून खूश आहे. फक्त घ्यायच्या आधी कॅबिनेट उघडून दोन-तीन गोष्टी बघाव्या लागतात, त्या कुणी नीट सांगत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. गल्लीत यंत्रमाग, त्यामुळं घरात सुताची बारीक धूळ कायमची. कॉम्प्युटर असेंबल केलेला, फोर्थ जनरेशन आय५, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम आणि ५०० जीबीची एकच हार्ड डिस्क. त्यावर वापरणारी माणसं चार. वडील टॉवेलच्या डिझाईनचं काम करतात, जॅकार्डची (मागावर नक्षी विणायची) फाईल तशी लहानच असते पण नमुन्याचे स्कॅन आणि फोटोशॉपच्या लेयरवाल्या फाईली भरमसाठ जागा खातात. बायको चादरी-नॅपकिनचे फोटो काढून व्यापाऱ्यांना कॅटलॉग पाठवते, मुलीच्या क्लासचे व्हिडिओ आहेत, आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं शूटिंग केलं की मोबाईलमधलं सगळं कॉम्प्युटरवरच येऊन पडतं. फोरके व्हिडिओ मिनिटाला साडेतीनशे एमबीपर्यंत जातो, म्हणजे तासभर शूटिंग म्हटलं की वीस जीबी गेलेच. शेवटी शेवटी फोटोशॉप उघडलं की स्क्रॅच डिस्क (फोटोशॉप काम करताना वापरतं ती तात्पुरती जागा) फुल असा मेसेज यायचा आणि वडिलांचं काम अडायचं. त्यांचं काम अडलं की पुढं कारखान्यात माग थांबतो, त्यामुळं हे चालढकल करण्यासारखं नव्हतंच.

पहिल्यांदा ज्या दुकानात विचारलं तिथं कॅबिनेट न उघडताच सांगितलं की एवढ्या जुन्या मशीनला काही होत नाही, नवीन घ्या. मित्र पण म्हणाला, काय बे, दहा-बारा वर्षं झाली की, टाक विकून. पण आमच्या कामाला प्रोसेसर कमी पडत नव्हता, कमी पडत होती जागा. आणि टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर सीपीयू निवांत आणि डिस्क १०० टक्के, म्हणजे अडत होतं कुठं ते समोरच दिसत होतं. तुमचंही असं होत असेल तर आधी हे बघा, कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये जा, एक पैसा लागत नाही.

मग नव्या पेठेतल्या एका छोट्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं पहिलं काम काय केलं तर ब्लोअर मारून सगळी धूळ काढली, एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) जाळीतनं सुताचा अक्षरशः गालिचा निघाला, आणि मग टॉर्च लावून मला बोर्ड दाखवला. "दादा, हे बघा की, चार पोर्ट हायत पण चारी सारखे नाहीत." एच८१ ला चार सॅटा पोर्ट असतात, त्यातले दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे. आमच्या बोर्डवर शेजारी बारीक अक्षरात सॅटा६जी आणि सॅटा३जी असं छापलंय, काही बोर्डवर पोर्टचा रंग वेगळा असतो. आणि आमच्याकडं गंमत अशी की दोन फास्ट पोर्टपैकी एका पोर्टवर कधीच न वापरला जाणारा डीव्हीडी रायटर बसलेला आणि दुसऱ्यावर जुनी हार्ड डिस्क, जिला त्या स्पीडचा काही उपयोगच नाही कारण ती सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबीच्या वर जातच नाही. त्यानं दोघांना ३ गिगाबिटवर हलवलं आणि फास्ट पोर्ट एसएसडीला मोकळा केला. एवढी एक गोष्ट ज्या दुकानात न सांगता करतात ते दुकान चांगलं असं मी समजतो.

एनव्हीएमई, म्हणजे एम डॉट टू स्लॉटमध्ये बसणारी जास्त फास्ट एसएसडी, का नाही घेतली हे बरेच जण विचारतात. जाहिरातीत सेकंदाला ३५००, ७००० एमबी असे आकडे असतात, बघून कुणालाही वाटणार तेच घ्यावं. पण आमच्या बोर्डवर एम डॉट टू स्लॉटच नाही. पीसीआय एक्सप्रेसचं अडॅप्टर कार्ड मिळतं, पण एच८१ चे लहान स्लॉट दुसऱ्या पिढीचे आणि एका लेनचे, म्हणजे ५०० एमबीच्या आतच अडकणार, वर एवढ्या जुन्या बोर्डचं बायोस (कॉम्प्युटर चालू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) सहसा एनव्हीएमईवरून विंडोज बूट करत नाही. मग जास्त पैसे देऊन मिळालं काय. सॅटाच्या ६ गिगाबिट पोर्टवर कुठलीही एसएसडी लावा, साधारण ५५० एमबीच्या पुढं कुणीच जात नाही, ती त्या पोर्टचीच मर्यादा आहे. म्हणून सॅटामध्ये बॉक्सवरचा स्पीड बघून निवड करण्यात काही अर्थ नाही, सगळ्यांचे आकडे जवळजवळ सारखेच असतात. फरक असतो तो आत.

८७० इव्हो मला आवडली ती याच्यासाठी. ही २०२१ च्या सुरुवातीला आलेली, म्हणजे जुनीच म्हणायची, पण तिच्यात कुठली फाईल कुठं आहे याचा हिशोब ठेवायला स्वतःची डीरॅम कॅश आहे आणि साठवायला टीएलसी नँड (एका सेलमध्ये तीन बिट ठेवणारी मेमरी) आहे. स्वस्तातल्या बऱ्याच सॅटा एसएसडीत डीरॅम नसते. नुसतं विंडोज आणि टॅली चालवायला तेवढं चालतं, मी वाईट म्हणणार नाही, पण शंभर जीबीचे व्हिडिओ एकदम टाकायला लागलात की सुरुवातीचा फास्ट कॅश (हा डीरॅमपेक्षा वेगळा, नँडचाच फास्ट लिहायला वापरलेला भाग) भरतो आणि पुढं स्पीड कोसळतो, काही वेळा तर हार्ड डिस्कच्याही खाली. ८७० इव्होच्या १ टीबीमध्ये फास्ट कॅश ४२ जीबीचा आहे आणि तो भरल्यावरही लिहायचा स्पीड टिकून राहतो. आम्ही एसएसडीवरच मोठमोठे फोल्डर या पार्टिशनवरून त्या पार्टिशनवर हलवून बघितले, मध्येच गचके खाल्ले नाहीत. रोज फाईली इकडून तिकडं करणाऱ्यांना हा फरक कळतो, नुसतं ब्राऊझिंग करणाऱ्याला कळणार नाही.

वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०० टीबी लिखाण, जे आधी होईल ते. ६०० टीबी म्हणजे किती हे लक्षात येत नाही म्हणून हिशोब करून बघितला, पाच वर्षं रोज सव्वातीनशे जीबी लिहिलं तर ते संपेल. आमच्या घरात चौघांनी मिळून ठरवलं तरी रोजचे वीस जीबी होत नाहीत. त्यामुळं एसएसडी लिहून लिहून खराब होते ही भीती घरगुती वापराला मनातनं काढून टाका. बिल मात्र जीएसटीचं पक्कं घ्या आणि त्यावर सिरियल नंबर टाकून घ्या. बॉक्सवरचा नंबर, ड्राईव्हवरचा नंबर आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (ड्राईव्हची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर) दिसणारा नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत. दुकानातच बघा, घरी येऊन नको.

जागा किती दिसते यावरनं घरात वाद झाला. १ टीबी घेतली आणि विंडोज दाखवतंय ९३१ जीबी. फसवणूक नाही ही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, बाकी काही नाही. वडिलांना कागदावर भागाकार करून दाखवल्यावर पटलं.

विंडोज नव्यानं न टाकता जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करून घेतली, कारण वडिलांचं डिझाईनचं सॉफ्टवेअर परत ॲक्टिव्हेट करायचं म्हणजे डोक्याला ताप. क्लोनमध्ये एक ठिकाणी बरेच जण अडकतात ते सांगतो. ५०० जीबीची डिस्क १ टीबीवर क्लोन केली की उरलेली जागा आपोआप मिळत नाही, ती डिस्क मॅनेजमेंटमध्ये काळ्या पट्टीत अनअलोकेटेड म्हणून पडून राहते. आणि सी ड्राईव्हवर राईट क्लिक केलं तर एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकट दिसतं, दाबताच येत नाही, कारण सी आणि त्या मोकळ्या जागेच्या मध्ये विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन येऊन बसलेलं असतं. पार्टिशनचं फुकट सॉफ्टवेअर घेऊन ते मधलं पार्टिशन शेवटी सरकवायचं किंवा सरळ मोकळ्या जागेचा नवीन ड्राईव्ह करायचा. आम्ही नवीन ड्राईव्हच केला, वडिलांचं काम त्यावर, विंडोज सीवर, वेगळं राहिलेलं बरं. बायोसमध्ये सॅटा मोड एएचसीआय (एसएसडीला योग्य असलेला मोड) आहे का तेही बघून घ्या.

आता आकडे. स्पीड मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्क सॉफ्टवेअरमध्ये ६ गिगाबिट पोर्टवर वाचायचा स्पीड ५४० एमबीच्या आसपास आला. मुद्दाम ३ गिगाबिटच्या पोर्टवर लावून बघायला सांगितलं तर तीच ड्राईव्ह २७० च्या जवळ, बरोबर निम्मी! म्हणजे चुकीच्या पोर्टवर लावून दिली असती तर अर्धा स्पीड गेला असता आणि कधी कळलंही नसतं. पण खरा फरक मोठ्या फाईलीत नाही, बारीक फाईलीत आहे. फोरकेच्या, म्हणजे चार किलोबाईटच्या टेस्टला जुनी हार्ड डिस्क एक एमबीच्या आत होती आणि ही तीस-पस्तीसच्या घरात. विंडोज चालू होताना हजारो बारीक फाईली वाचल्या जातात, म्हणून कॉम्प्युटर पंधरा-वीस सेकंदात कामाला तयार होतो. बायकोच्या कॅटलॉगच्या फोल्डरमध्ये हजारभर फोटो आहेत, पूर्वी छोटी चित्रं भरायची वाट बघत बसायला लागायचं, आता स्क्रोल केलं की समोर.

किमतीचं म्हणाल तर साध्या एसएसडीपेक्षा ही बरीच महाग पडते. आकडा मुद्दाम देत नाही, २०२५ च्या शेवटापासून मेमरी आणि एसएसडीचे दर चढलेत आणि मी दिलेला आकडा तुमच्या उपयोगाचा राहणार नाही, दोन-तीन ठिकाणी विचारा. बॉक्समध्ये केबल, स्क्रू, ब्रॅकेट काही येत नाही, ते दुकानातनं वेगळं घ्यावं लागतं. डेस्कटॉपमध्ये अडीच इंची ड्राईव्ह बसवायला ब्रॅकेट हवंच, केबलला लोंबकळत सोडू देऊ नका, काही जण देतात तशीच सोडून. एसएमपीएसला सॅटाची पॉवर पिन शिल्लक नसेल तर कन्व्हर्टर लागतो, तेव्हा पूर्ण प्लास्टिकमध्ये ओतलेला स्वस्तातला घेऊ नका, त्यात आत शॉर्ट होऊन जळायची प्रकरणं जगभर झालीत. वायरी एकेक करून दाबून बसवलेला मिळतो तो घ्या.

जुनी ५०० जीबी काढून टाकली नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये निळं गुड दाखवत होती, रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्यानं बदललेले भाग) शून्य, मग कशाला टाकायची? तिच्यावर आता जुने व्हिडिओ आहेत. पिवळं कॉशन दिसलं असतं तर एक दिवस ठेवली नसती. मात्र एकाच कॅबिनेटमध्ये दोन ड्राईव्ह आहेत म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका, एसएमपीएस उडाला तर दोन्ही सोबत जाऊ शकतात. वडिलांच्या डिझाईनची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क कपाटात, प्लग काढून. त्यासाठी ऑनलाईन दिसणाऱ्या दीड-दोन हजारातल्या १६ टीबीच्या ड्राईव्हच्या नादी लागू नका, ते सगळं नकली असतं, आत थोडीशीच मेमरी आणि विंडोजला खोटा आकडा सांगणारी चिप. फाईली कॉपी झाल्यासारख्या दिसतात आणि उघडायला गेलं की काहीच नसतं. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण ड्राईव्ह भरून तपासून देतं.

नुसतं साठवायलाच जागा हवी असेल, दोन-चार टीबी, तर साधी साडेतीन इंची हार्ड डिस्क अजूनही सगळ्यात स्वस्त. फक्त एसएमआर आहे का सीएमआर हे मॉडेल नंबरवरनं बघा. एसएमआरमध्ये ट्रॅक एकावर एक कौलासारखे चढवलेले असतात, सीएमआरमध्ये ते शेजारी-शेजारी असतात, म्हणून एसएमआर एकदा टाकून ठेवायला ठीक पण सारखं लिहायला लागलं की फार हळू होते. २०२० मध्ये यावरनं बराच गदारोळ झाला आणि मग मोठ्या कंपन्यांनी कुठल्या मॉडेलमध्ये काय आहे त्याच्या याद्या जाहीर केल्या, त्या नेटवर आहेत.

आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो, पंख्याची हवासुद्धा गरम. ८७० इव्होला ७० अंशांपर्यंत चालतं असं कंपनी सांगते, आमच्याकडं मे महिन्यात दुपारी ती पन्नासच्या आतच होती. लाईट मात्र कधी जाईल सांगता येत नाही आणि लिहिता लिहिता लाईट गेली तर एसएसडीवरची फाईलसुद्धा अर्धवट राहू शकते, त्यामुळं यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर आधी ती बदला.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि फोर्थ जनरेशनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, मग अशा मशीनवर खर्च कशाला असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं, हा खर्च मशीनवर नाहीच, ड्राईव्हवर आहे. नवीन बोर्डवरही सॅटा पोर्ट असतोच, उद्या कॉम्प्युटर बदलला तरी ही काढून त्यात लावता येते, आणि वॉरंटी ड्राईव्हची आहे.

ज्यांच्या बोर्डवर एम डॉट टू स्लॉट आहे आणि त्यात एनव्हीएमई चालते, त्यांनी मात्र ही घेऊ नये, त्याच पैशात किंवा कमीत कितीतरी फास्ट ड्राईव्ह मिळेल. स्लॉट असूनही काही बोर्डवर तो फक्त सॅटावाल्या एम डॉट टूलाच चालतो, तेवढं मॅन्युअलमध्ये बघून मगच दुकानात जा.