१९५७ची बेल एअर की १९५३ची स्टारलायनर?

पन्नासच्या दशकातली अमेरिकन कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, घ्यायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे १९५७ची शेव्हरोले बेल एअर येते. ती बघायला जाच. पण पैसे मोजण्याआधी १९५३ची स्टुडबेकर स्टारलायनर बाजूने, वीसेक पावलं लांब उभं राहून एकदा बघा. माझा कौल तिलाच आहे.

बेल एअरचं रूप दागिन्यांत आहे. मागच्या मडगार्डांवरचे उंच पंख, त्यांच्या कडेची ॲल्युमिनियमची रेघारेघांची पट्टी, सोनेरी जाळी, बॉनेटवर रॉकेटसारखी दोन टोकं. पेट्रोलचं झाकणसुद्धा डाव्या पंखाच्या क्रोमपट्टीमागे लपवलंय. या नटण्याला कारण होतं. आतला सांगाडा १९५५चाच होता आणि संपूर्ण नवी गाडी यायला अजून वर्ष लागणार होतं. मग त्याच अंगावर पंख चढवले, गाडी बुटकी दिसावी म्हणून १५ इंची चाकांच्या जागी १४ इंची आणली. काम हुशारीचं आहे आणि दोनरंगी गाडीत ते खुलतंही. तरी क्रोम मनातल्या मनात काढून टाका, मग उरते ती उंच, चौकोनी बांध्याची गाडी.

स्टुडबेकरचं क्रोम काढलं तरी ती नाकीडोळी नीटसच राहते. डिझायनर रेमंड लोवी यांच्या स्टुडिओतल्या रॉबर्ट बर्क यांनी तिला हा आकार दिला. दोन्ही गाड्या लांबीला २०० इंचांच्या आसपास. पण स्टुडबेकरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १२०.५ इंच, बेल एअरचं ११५. त्यात उंची जेमतेम ५६ इंच. म्हणून ती उभी असतानाही जमिनीला बिलगून धावतेय असं वाटतं. उतरतं बॉनेट, पातळ छप्पर आणि दारावर पत्र्यालाच घातलेली तिरकी घडी, एवढ्यावर सगळं निभावलंय. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५३मध्येच दहा मोटारींच्या प्रदर्शनात तिला जागा दिली. अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेग आजमावणाऱ्यांनीही हा आकार उचलला, कारण तो वारा छान कापतो.

तिच्यातच स्टारलाइट नावाची जुळी बहीण आहे. दाराच्या मागे खांब असलेली. स्टारलायनरला तो खांब नाही, सगळ्या काचा खाली केल्या की बाजू मोकळी होते. मी त्या मोकळेपणासाठी स्टारलायनर घेईन. स्टुडबेकरचं १९५५चं मॉडेल मात्र टाळा, तोंडावर जाडजूड क्रोम चढवून त्यांनी ते बिघडवलं.

चालवण्या-सांभाळण्यात बेल एअर सरळ पुढे आहे. तिच्या २८३ घनइंची व्ही-८चे, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचे, भाग सहज मिळतात, अख्खी बॉडीसुद्धा नवी बनवून मिळते. स्टारलायनर कमांडर आणि चॅम्पियन अशा दोन प्रकारांत यायची. कमांडरचा व्ही-८ २३२ घनइंचांचा, १२० अश्वशक्तीचा. चॅम्पियनचं सहा सिलिंडरचं इंजिन ८५चं, म्हणजे निवांत फिरण्यापुरतं. बॉडीचा पत्रा आणि नक्षीच्या पट्ट्या शोधताना दमछाक होते. सुरुवातीच्या गाड्यांची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, लवचीक होती, त्यामुळे बॉनेट आणि मडगार्डांमधल्या फटी नीट तपासा.

पुढची मडगार्डं गंजतात. बघायला जाताना कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेवा. मडगार्डावर ते जिथे चिकटणार नाही, तिथे रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असते.