मधुमेहावर ‘सिट्रीन’चा उपचार : मावशीची झालेली फसवणूक

गेल्या वर्षी पुण्यात भरलेल्या एका क्रिस्टल हीलिंगच्या, म्हणजे स्फटिकांनी आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या, शिबिरात माझ्या मावशीला ‘सिट्रीन’ नावाचा पिवळा स्फटिक २१ हजार रुपयांना विकण्यात आला. नाभीजवळ मानल्या जाणाऱ्या मणिपूर चक्रात अडकलेली ऊर्जा हा स्फटिक मोकळी करील आणि मधुमेहाच्या गोळ्या कायमच्या सुटतील, असे तिला सांगण्यात आले; तसे छापील पत्रकही दिले, पावती मात्र दिली नाही. पौर्णिमेला स्फटिक मिठाच्या पाण्यात धुऊन चांदण्यात ठेवायचा आणि रोज तो नाभीवर ठेवून पडून राहायचे, हे मावशीने नेमाने केले. गोळ्यांमुळे स्फटिकाची स्पंदने मंदावतात असे बजावल्यामुळे तिने गोळ्याही बंद केल्या. उपाशीपोटीची साखर ३०० च्या वर गेली आणि पायाची जखम चिघळली, तेव्हा कुठे घरच्यांना हे कळले. जाब विचारल्यावर स्फटिक विकणाऱ्या बाईंनी सांगितले की श्रद्धा कमी पडली, आता याहून मोठा स्फटिक घ्यावा लागेल. मला सर्वाधिक संताप येतो तो या उत्तराचा, कारण गुण आला तर श्रेय दगडाला आणि न आला तर दोष आजारी माणसाला, ही तजवीज त्यात आधीपासूनच असते.

तो स्फटिक आम्ही भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखवला. टोकांना करपल्यासारखा नारिंगी रंग आणि बुडाशी दुधी पांढरा पट्टा पाहताच, हा भट्टीत तापवलेला अ‍ॅमेथिस्ट आहे, असे त्यांनी सांगितले. जांभळा अ‍ॅमेथिस्ट तापवला की त्यातील लोहामुळे तो पिवळा-नारिंगी होतो, आणि बाजारातले बहुतेक सिट्रीन याच पद्धतीने तयार होते.

मावशीला हातात ऊब जाणवत असे, आणि ती खोटे बोलत नव्हती. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रेंच यांनी २००१ मध्ये मांडलेल्या प्रयोगात ८० जणांपैकी काहींच्या हाती खरे, तर काहींच्या हाती नकली स्फटिक दिले होते. ऊब आणि मुंग्या दोन्ही गटांना सारख्याच जाणवल्या. सिट्रीन हा क्वार्ट्झ या खनिजाचाच एक प्रकार, म्हणून ‘घड्याळातही क्वार्ट्झच असतो’ हा विक्रेत्यांचा आवडता दाखला आहे. क्वार्ट्झवर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले, हे खरेच. पण घड्याळातला क्वार्ट्झ कंप पावतो तो सेलमधून मिळणाऱ्या विजेवर, आणि त्या कंपनाचा इन्शुलिनशी काहीही संबंध नाही.

विक्रेते याला विज्ञान म्हणोत वा ऊर्जाशास्त्र, १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने रोग बरा करण्याची अद्भुत शक्ती असल्याचे सांगितले जाणारे ताईत, मंत्र, कवच व तत्सम वस्तू जादूच्या उपचारांत धरल्या आहेत, आणि ज्या रोगांवरील उपचारांच्या जाहिरातीला त्यात मनाई आहे, त्यांत मधुमेहाचे नाव आहे. पत्रक आणि वेष्टनावरचा मजकूर यांनाही हा कायदा जाहिरातच मानतो. म्हणून मावशीजवळचे ते पत्रक जोडून आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे. ज्यांच्याकडे असे पत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश किंवा पैसे दिल्याची नोंद असेल, त्यांनी संकोचापोटी ती नष्ट करू नये. पैशांच्या फसवणुकीसाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही दाद मागता येते, आणि औषध बंद केले असेल तर तक्रारीच्याही आधी, त्याच दिवशी, आपल्या डॉक्टरांना गाठावे.